उतारावरचे घर

‘घर पाहावे बांधून’ असे ज्याने म्हटले त्याने अनुभवाचे बोल सांगितले, आणि ‘दुरून डोंगर साजरे’ असे ज्याने म्हटले त्यानेही. परंतु या दोन्ही म्हणी ज्यांच्या वाट्याला एकदमच येतात, म्हणजे ज्यांना घर बांधायचे असते आणि तेही डोंगरावर, त्यांच्यासाठी आपल्या पूर्वजांनी तिसरी म्हण काही करून ठेवलेली नाही. ती करण्याइतकी प्रतिभा माझ्यापाशी नाही. मात्र दोन वर्षे मोजपट्टी, चिरे आणि नातेवाईक यांच्या सहवासात काढल्यावर चार शब्द सांगण्याचा अधिकार मला आला आहे, असे मी धरून चालते.

आमच्या सासरची जमीन दापोली तालुक्यात आहे. ‘कोकणात जमीन आहे’ म्हटले की पुण्यातल्या आमच्या मैत्रिणींच्या डोळ्यांपुढे माडापोफळीची बाग उभी राहते. आमची जमीन तशी नव्हे. ती डोंगराच्या उतारावरची वरकस. एक फणस, थोडे काजू, चार ऐन-किंजळ आणि बाकी करवंदीच्या जाळ्या. राहते घर खाली वाडीत होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्याने त्या घराची कौले पत्त्यांसारखी उडवली आणि मागची भिंत आडवी केली. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आम्ही त्यांना पुण्याला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. त्या कुरकुरल्या नाहीत. पण रोज सकाळी गॅलरीत उभ्या राहून समोरच्या इमारतीकडे पाहत, आणि पाहून झाले की म्हणत, ‘इथे दिवस कुठून उगवतो ग?’

वाडीतली जागा भाऊबंदकीत अडकलेली. तेव्हा वरच्या जमिनीवरच नवे घर बांधायचे, ते आधुनिक, सोयींचे, पण आईंना आपले वाटेल असे, हे सर्वांनी एकमताने ठरवले. आमच्या घरात एकमत झाले ते एवढ्यावरच.

निम्मा खर्च माझे मोठे दीर करणार होते. भाऊजींचा स्वभाव मुंबईचा; काम हाती घेतले की ते काल व्हायला हवे होते असे त्यांना वाटते. त्यांचा बेत साधा होता. यंत्र आणायचे, साठ फूट लांब आणि साठ फूट रुंद असे मैदान करायचे, पुढे मोकळे अंगण, मध्ये घर, आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, म्हणजे समुद्र दिसेल. ‘दोन दिवसांत जमीन सपाट होते, वहिनी. दिवाळीला पाया, पुढच्या मे महिन्यात वास्तुशांत. आईला किती वाट पाहायला लावायची?’ ते म्हणाले. या शेवटच्या प्रश्नापुढे आम्हां कुणालाच बोलता येईना. एकोणऐंशीव्या वर्षी माणसाच्या हाताशी किती पावसाळे असतात, याचा हिशेब मनात सगळेच करतात. तोंडाने कुणी बोलत नाही.

अशा वेळी यांची भाची पुढे आली. ती वास्तुरचनेचे शिक्षण घेऊन चार-पाच वर्षे काम केलेली मुलगी. ‘मामा, आधी डोंगर किती चढतो ते तरी मोजू या,’ ती म्हणाली. मोजण्याचे साधन मी पाहिले तेव्हा मला गंमत वाटली. कसले म्हणून किमती यंत्र नाही. पाणी भरलेली पारदर्शक नळी! नळीची दोन टोके दोघांनी दोन ठिकाणी धरायची. पाणी दोन्हीकडे सारख्या पातळीवर राहते, तेव्हा कोणती जागा किती उंच ते आपोआप कळते. सारख्या उंचीच्या जागा तिने फक्कीने जोडत नेल्या. संध्याकाळपर्यंत आमच्या उतारावर पांढऱ्या रेघा वळणे घेत आडव्या पसरल्या. त्या दिवशी आईंनाही आम्ही खुर्चीत बसवून नेले होते. त्या म्हणाल्या, ‘डोंगराची मुंज लावलीस की काय ग?’

या जानव्यांवरून आकडे निघाले ते असे. आमचा उतार साहास एक. म्हणजे सहा फूट आडवे गेले की एक फूट चढ. हे एका अर्थी नशीबच, कारण पाचास एकाहून तीव्र उतार असेल तर नियमावली बांधू देत नाही, आणि देऊ नयेच. आता साठ फुटांचे मैदान करायचे तर वरच्या आणि खालच्या कडेत दहा फुटांचा फरक. वरून पाच फूट खणायचे आणि ती माती खाली पाच फूट भरायची. खणाई ४५ ब्रास. उलट घर रेघेच्या बाजूने लांबट ठेवले आणि त्याच्या दोन पायऱ्या केल्या, तर खणाई पाच ब्राससुद्धा नाही. ‘मामा,’ भाची म्हणाली, ‘डोंगराला आडवे झोपलेले घर हवे, त्याच्या अंगावर उभे राहिलेले नको.’

भाऊजी आकड्यांना मानणारे आहेत. पण त्यांचे म्हणणे असे की ४५ ब्रास माती यंत्राला म्हणजे काय! खरेच आहे. यंत्राला काहीच नाही. प्रश्न डोंगराला काय वाटते याचा होता.

तो प्रश्न आम्ही एका निवृत्त प्राध्यापकांना विचारला. ते आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलेले गृहस्थ. त्यांनी जे समजावले ते कोकणात जमीन घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावे असे आहे. आमच्याकडे माथ्यावर जांभा. तो दिसतो कठीण, पण स्पंजासारखा सच्छिद्र. दापोलीकडे वर्षाला सुमारे साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातले पुष्कळ पाणी जांभ्यातून झिरपत खाली जाते. खाली बहुधा पांढुरकी, चिकण माती असते. तिथे पाणी अडते, आडवे वाहू लागते आणि कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. हा चिकण थर भिजला की निसरडा होतो. नेमका त्याच्या पायथ्याचा आधार आपण कापला, किंवा त्याच्यावर भरावाचे ओझे टाकले, की वरचा भार घसरायला मोकळा. ‘दरड पावसाने येते असे आपण म्हणतो,’ ते म्हणाले, ‘पण पुष्कळदा पाऊस नुसता शेवटचा धक्का देतो.’

मग त्यांनी आमची जमीन पायांखाली घातली. त्यांचे पाहणे मला फार शिकवून गेले. त्यांनी झाडांचे बुंधे पाहिले; जमीन सरकत असेल तर बुंधा बुडाशी वाकून मग सरळ वर जातो, आमचे ऐन ताठ होते. जमिनीत अर्धचंद्राकार भेगा आहेत का ते पाहिले. शेजारच्या पऱ्याचे पाणी पावसात गढूळ होते की स्वच्छ राहते, हे गुरे राखणाऱ्या म्हाताऱ्याला विचारले. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आमच्या हद्दीच्या वर, थेट माथ्यापर्यंत चढून गेले. ‘आपला सातबारा आपल्या गडग्यापाशी संपतो,’ ते उतरून आल्यावर म्हणाले, ‘डोंगर संपत नाही.’

हे सारे चालले होते २०२१ च्या जुलैमध्ये. २२ जुलैला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळूणला त्याच दिवशी पुराने वेढले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण असेच मातीखाली गेले होते. या दुर्घटनांची कारणे सर्वत्र सारखी नसतात. पिढ्यान् पिढ्या डोंगराशी सांभाळून राहिलेल्या माणसांवरही डोंगर कोसळतो. तेव्हा ‘निसर्गाशी जुळवून घ्या, म्हणजे भय नाही’ असले भाबडे आश्वासन मी कुणाला देणार नाही. आपल्या हाती असते ते इतकेच, की आपण होऊन त्या भयात भर घालायची नाही.

त्या रविवारी आमच्या पुण्याच्या घरात चांगलीच खडाजंगी झाली. भाऊजींचा मुद्दा एकच : उतारावरच्या बांधकामाला एक हंगाम जास्त लागणार. तेव्हा भाचीने शांतपणे सांगितले की भराव टाकलेली जमीन लगेच घर पेलत नाही. ती बसायला निदान एकदोन पावसाळे जाऊ द्यावे लागतात. नाहीतर घर निम्मे खणलेल्या घट्ट जमिनीवर आणि निम्मे भुसभुशीत भरावावर उभे राहते, आणि मग मधोमध तडा. म्हणजे दोन दिवसांत झालेले मैदान दोन वर्षे नुसते पाहत बसायचे. यावर भाऊजी गप्प झाले. पण निर्णय दिला आईंनी. आतल्या खोलीतून त्या सगळे ऐकत होत्या. बाहेर येऊन म्हणाल्या, ‘मला घाई आहे असं कोणी सांगितलं तुम्हांला? मी थांबते. घर तेवढं थांबणारं बांधा.’

घरोघरी एखादे माणूस असते, त्याच्या एका वाक्यासाठी बाकीचे तास तास बोलत असतात.

आमच्या भाचीला जगातल्या घरांच्या गोष्टी सांगण्याची हौस. फ्रँक लॉइड राइट या अमेरिकन वास्तुविशारदाने १९११ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये स्वतःचे घर बांधले. त्याचे नाव ‘टॅलिएसिन’, म्हणजे वेल्श भाषेत तेजस्वी कपाळ. टेकडीचा माथा त्याने मोकळा सोडला आणि घर कपाळाच्या जागी, माथ्याच्या जरा खाली, वळवून बसवले. माथ्यावर घर बांधले तर टेकडीच हरवते, असा त्याचा विचार. हे ऐकून यांना आमच्या गडांवरची टाकी आठवली : टाक्यासाठी खडक खोदायचा, निघालेला दगड बांधकामाला लावायचा आणि खड्ड्यात पावसाचे पाणी साठवायचे. दगड आणि पाणी एकाच श्रमात.

राइटचेच दुसरे घर पेनसिल्व्हेनियातले, धबधब्यावरचे. १९३५ मध्ये त्याने ते आखले. मालकाची अपेक्षा अशी की घरातून धबधबा समोर दिसावा. याने घर धबधब्याच्या डोक्यावरच ठेवले! दिवाणखान्यात मूळचा खडक तसाच राखून त्याची चूल केली. जग ते घर पाहायला जाते. पण त्याचे पुढे झेपावणारे सज्जे हळूहळू वाकत गेले, सात इंचांपर्यंत, आणि २००२ मध्ये त्यांना पोलादी तारांनी ताणून सावरावे लागले. भाऊजींना ही गोष्ट विशेष आवडली. ‘म्हणजे मोठ्यांचीही घरे वाकतात,’ ते म्हणाले.

मला स्वतःला भावला तो लॉरी बेकर. हा इंग्रज १९४५ मध्ये भारतात आला. पिठोरागढच्या पहाडात त्याने सोळा वर्षे काढली. तिथल्या लोकांची घरे पाहून, बांधकाम आपण शिकवायचे नसून शिकायचे आहे, हे त्याने जाणले. पुढे तिरुवनंतपुरमला एका खडकाळ उतारावर त्याने आपले राहते घर बांधले, थोडे थोडे, खडकांना आणि झाडांना वळसे घालीत. २००७ मध्ये तो तिथेच वारला. जवळ मिळेल ते वापरा, असलेले पाडू नका, आणि गरज नसेल ते बांधू नका. त्याच्या कामाचे सार मला तरी एवढेच दिसते.

आता आमचे घर कसे झाले ते सांगते. लांबी ५६ फूट, रुंदी अवघी २८. आणि त्यातही दोन पट्टे. वरचा पट्टा सोळा फुटांचा. स्वयंपाकघर, बैठकीची खोली, आईंची खोली आणि तिला लागून न्हाणीघर, सगळे एका ओळीत आणि एकाच पातळीवर. उंबरठासुद्धा नाही. बारा फुटांचा खालचा पट्टा पाच पायऱ्या उतरून. त्यात मुलांच्या खोल्या आणि लांब पडवी. पायऱ्या चढायच्या-उतरायच्या त्या तरुणांनी. उतारावरच्या घरात म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात अशी माझी मुख्य धास्ती होती, आणि ती मी भाचीला पहिल्याच दिवशी बोलून दाखवली होती. तिचे उत्तर मला पटले : पायऱ्या टाळता येत नाहीत, पण त्या कोणाच्या वाट्याला द्यायच्या हे आपण ठरवू शकतो.

रस्ता घराच्या वर आहे, पाच फूट उंच. तिथून सरळ पाखाडी केली असती तर आईंना दरवेळी कुणाचा तरी हात धरावा लागता. त्याऐवजी साठ फुटांची, एका वळणाची सौम्य वाट काढली. ती आखायलाही फार डोके खर्चावे लागले नाही. गुरांची जुनी वाट जवळजवळ तिथूनच गेलेली होती. गुरे डोंगर कधी नाकासमोर चढत नाहीत.

घराची मागची भिंत डोंगराला टेकवलेली नाही. मध्ये तीन फुटांची गल्ली आहे, आणि डोंगराच्या बाजूला जांभ्याचा बांध. त्या बांधाला हात हात अंतरावर भोके, आणि मागे खडी भरलेली. मी मिस्त्रींना विचारले, ‘एवढा मजबूत बांध घालता आणि त्याला भोके कशाला पाडता?’ ते म्हणाले, ‘वहिनी, माती अडवायची. पाणी अडवायचं नाही. पाणी कोंडलं की बांध ढकलतंच.’ बांधाच्याही वर एक आडवा चर आहे. डोंगरावरून येणारे पाणी घराला वळसा घालून पऱ्यात जाते. चराच्या काठाने वाळा लावला. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि माती धरून ठेवतात. पाण्यात घालायला सुगंधी मुळ्या मिळतील म्हणून मी खूश होते. त्या उपटायच्या नाहीत, असे मला बजावण्यात आले.

भिंती जांभ्याच्या. या दगडाला १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकानन याने विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून इंग्रजी नाव दिले. ते सार्थ आहे, कारण खाणीतून तो विटेसारखा कापून काढता येतो आणि वारा लागला की कठीण होतो. आतून मात्र गिलावा केला. चिऱ्याच्या उघड्या भिंती छायाचित्रात सुरेख दिसतात, पण त्यांची लाल धूळ झाडायला छायाचित्रकार येत नाही. छपराला मंगलोरी कौले. छपराचा उतार डोंगराच्याच दिशेने, आणि खालची कड पडवीवर चांगली पुढे आणून खाली ओढलेली. वादळाची आठवण ताजी होती म्हणून कडेची कौले तारेने बांधली.

या खाली ओढलेल्या छपरावरून शेवटचा वाद झाला. भाऊजींची काच! पश्चिमेला उंच काच म्हणजे उन्हाळ्यात दुपारभर भट्टी, आणि पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून येणारी झड थेट अंगावर. ‘पण एवढं खाली छप्पर आणलं तर उभ्या माणसाला समुद्र दिसणार नाही,’ ते म्हणाले. आई म्हणाल्या, ‘समुद्र काय उभ्यानं बघतात?’ पडवीला लांबच्या लांब बसका कट्टा झाला. आईंच्या खोलीला पडवीच्या छपरावरून पाहणारी रुंद, बुटकी खिडकी झाली. पलंगावर बसले की समुद्राची एक पट्टी दिसते. भाऊजी आता आले की सर्वांआधी कट्टा अडवतात.

पाण्याचे गणित मी स्वतः केले, कारण एप्रिल-मे महिन्यात हंड्यांनी पाणी वाहिल्याच्या आईंच्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. छपराचे क्षेत्र कडा धरून अठराशे चौरस फुटांच्या आसपास. साडेतीन हजार मिलिमीटर पावसात त्यावर साडेपाच लाख लिटरांहून अधिक पाणी पडते! त्यातले आम्ही धरतो वीस हजार लिटर, पडवीखालच्या टाक्यात. दिवसाला दोनशे लिटर काढले तरी शंभर दिवस पुरते. म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत.

सगळेच साधले असे नाही. अंगण गेले. लग्नामुंजीचा मांडव घालावा, वाळवणे पसरावी, पोरांनी लपाछपी खेळावी असे सपाट अंगण आमच्याकडे नाही. तुळशीपुढे रांगोळीपुरती जागा आहे. थोरल्या जाऊबाईंना त्याचे अजून वाईट वाटते, आणि त्यात काही गैर नाही. पापड आम्ही पडवीत वाळवतो. चार महिने कपडे वाळण्याचे हाल तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या मागे बंबाशेजारी दोऱ्या बांधल्या, तेवढाच इलाज.

२०२३ च्या मे महिन्यात वास्तुशांत झाली. आई तेव्हा एक्क्याऐंशीच्या. पहिल्याच पावसाळ्यात, १९ जुलैच्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड आली. दुसऱ्या दिवशी बातमी ऐकली तेव्हा आमच्याकडेही पाऊस धो धो कोसळत होता. हे छत्री घेऊन बाहेर पडले, चरातला पालापाचोळा काढला, बांधाच्या प्रत्येक भोकातून पाणी येते आहे ना, आणि ते स्वच्छ आहे ना, ते पाहून आले. तेव्हापासून तो नेमच झाला आहे. उतारावरचे घर बांधून संपत नाही. मृगाआधी चर साफ करणे, भेगा पाहणे, पन्हळी मोकळ्या करणे, हा त्या घराचा कुळधर्म समजावा. ज्यांना तो जमणार नसेल, जे वर्षातून दोनदाच येणार असतील, त्यांनी डोंगरावर घर बांधण्यापूर्वी दहादा विचार करावा, असे मला मनापासून वाटते.

फणस आम्ही राखला. त्याच्यासाठी घराचा कोपरा आत घेतला आणि छप्पर पंधरा फूट अलीकडेच संपवले. पिकलेला फणस कौलांवर कसा पडतो हे मिस्त्रींनी हातवारे करून दाखवल्यावर त्या अंतराबद्दल कुणी वाद घातला नाही.

पहिल्या दिवाळीला एक नवीच अडचण आली. घर रस्त्याच्या खाली, छप्पर उताराबरोबर गेलेले. आकाशकंदील कुठेही लावला तरी वाडीतून दिसेना. आणि वाडीला दिसला नाही तर कंदील लावायचा कशाला, असे आईंचे म्हणणे. शेवटी धाकट्याने फणसावर चढून तो सर्वांत उंच फांदीला बांधला. आई खिडकीशी बसून सांगत होत्या, ‘अजून थोडा वर. अजून.’